बाईंनी उघडलेलं दार

तापलेल्या तव्याला बोट लागावं तसा माउसवरून हात उचलायचा आणि पडद्यालाच विचारायचं, "हे मला कुणी सांगितलं होतं?" आमच्या बाईंची ही सवय तुम्ही एकदा पाहिली असतीत, तर तुमचाही हात आपोआप तसाच उचलला गेला असता.

बिबवेवाडीत एका दवाखान्याच्या वर आमची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी होती. घरोघरी नुकते कॉम्प्युटर येऊ लागले होते आणि आम्ही मुलांसाठी मराठी खेळ बनवत होतो. गडाच्या चित्रावर माउसनं टिचकी मारायची, सापडेल ती वस्तू झोळीत टाकायची, कोडी सोडवत खजिना गाठायचा. मी प्रोग्रॅम लिहायचो, बाई खेळून चुका काढायच्या. मुलं मोठी झाल्यावर मिळालेली त्यांची ही पहिलीच नोकरी, तीही अजून कच्ची. पण म्हणून तोंडाला कुलूप लावतील त्या बाई कसल्या!

खेळातल्या एका काळोख्या भिंतीवर एक इवलीशी काळी किल्ली होती. बाई म्हणाल्या, "हा खेळ आहे की तांदूळ निवडायचेत?" शेळीला छत्री दाखवली की पहारेकरी झोपतो, हे कंपनीच्या मालकांचं, म्हणजे आमच्या साहेबांचं, लाडकं कोडं. बाईंनी एवढंच विचारलं, "कुठल्या गावात?"

खरं भांडण झालं ते दोरावरून. पहिल्याच चित्रात कोपऱ्यात दोर पडलेला असे. तो न घेता पुढे गेलं की मागचं दार कायमचं बंद. पार शेवटी विहिरीत उतरायला तोच दोर लागायचा. नसला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"दार उघडं ठेवा, साहेब."

"खेळणाऱ्यानं डोकं चालवायला नको का, बाई?"

"चालवू दे की, पण स्वतःचं. तुमच्या डोक्यातलं त्याला कसं कळणार?"

साहेब भडकले. सीडी छपाईला जायची होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच एकदा पहिल्यापासून खेळून दाखवा. खजिना मिळाला तर मी उद्यापासून येत नाही. नाही मिळाला तर दार उघडं."

अहो, हा गड रचला होता साहेबांनीच!

सगळं ऑफिस खुर्चीमागे गोळा झालं. साहेबांनी शीळ घालत किल्ली उचलली, शेळीला छत्री दाखवली, पहारेकरी झोपवला. विहिरीपाशी येऊन झोळी उघडली. दोर नव्हता.

गंमत अशी, की वेळ वाचवायला आम्ही सगळेच खेळ नेहमी मधूनच, साठवून ठेवलेल्या जागेपासून, सुरू करत असू आणि तिथे दोर आधीच झोळीत असे. पहिलं चित्र बाईंखेरीज कित्येक महिन्यांत कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून एवढं भांडूनही दोर उचलायचं साहेबांच्या लक्षात राहिलं नाही.

साहेब मागे गेले. दारावर टिचक्या मारल्या. दार ढिम्म. मग त्यांचा हात माउसवरून उचलला गेला, थेट बाईंसारखा.

"हे मला कुणी सांगितलं होतं?"

"मी," बाई म्हणाल्या.

ऑफिस हसून कोसळलं, आणि सगळ्यांत जास्त हसले ते साहेब. दार मी त्याच दुपारी उघडलं. काम दोन-चार ओळींचं, पण मला गड सर केल्यासारखं वाटलं. बाईंची नोकरीही त्याच आठवड्यात पक्की झाली.

पुढे त्यांना मोठ्या कंपनीनं बोलावून नेलं. शेवटच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर त्या पुन्हा खेळायला बसल्या. मुद्दाम दोर न घेता विहिरीपर्यंत गेल्या, मागे फिरल्या, दारावर टिचकी मारली. मग पर्स उचलून जिना उतरल्या.

तो कॉम्प्युटर बंद करायला आम्ही कुणी धजावलो नाही. पडद्यावर दार सताड उघडं होतं आणि कोपऱ्यात दोर पडलेला होता.