कट! परत पहिल्यापासून

त्या वर्गाला गणिताचे सर दोन होते. एक भिंतीवरच्या मोठ्या पडद्यातले आणि दुसरे त्या पडद्याशेजारी उभे असलेले. पडद्यातले सर घडाघडा बोलत, मध्येच कोपरखळी मारत आणि अवघडातलं अवघड गणित हसतखेळत सोडवून दाखवत. शेजारचे सर हूं की चूं करत नसत. हातात रिमोट घेऊन ते उभे राहत. पोरांनी गोंधळ केला की व्हिडिओ थांबवत आणि भुवया अशा काही वर चढवत की गोंधळ आपोआप बसे. मग पुन्हा व्हिडिओ चालू.

पोरं ती पोरंच. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बारसं उरकून टाकलं: 'पडद्यातले सर' आणि 'रिमोट सर'. पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. वादात ती बापालाही हार जायची नाही, म्हणून अख्खी शाळा तिला वकीलबाई म्हणे. तिचं ठाम मत होतं, की हे दोघं जुळे भाऊ असणार.

"थोरला हुशार आहे," ती डबा खाताना सांगायची, "धाकट्याला नुसतं सोबतीला पाठवतात."

खरी गोष्ट अशी, की सर एकच होते आणि ते अडखळत बोलत.

हे दुखणं लहानपणापासूनचं. आईने बटाटे आणायला पाठवलं की हे हटकून कांदे घेऊन येत. दुकानदारासमोर 'ब' घशात अडकून बसे आणि 'क' तेवढा सुटे. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, दुकानदार तोंडाकडे बघतोय, मग कांदे तर कांदे! त्या घरात कांदा किती खाल्ला गेला याला गणती नाही. आईला कारण कळलं तेव्हा तिने काही न बोलता पिशवीत एक बटाटा टाकून द्यायला सुरुवात केली. दुकानदाराला तो दाखवायचा, की काम झालं.

पण दुकानदार परवडला, मदत करणारे नकोत. सर कुठे अडकले रे अडकले, की समोरचा माणूस मोठ्या मायेने त्यांचं वाक्य पुरं करून टाकी, आणि हमखास चुकीचं. 'नाही हो, मला तसं म्हणायचं नव्हतं' हे सांगायला आणखी सहा शब्द लागणार. त्यापेक्षा मान डोलावणं सोपं. अशी मान डोलावून सरांनी आयुष्यात नको नको त्या गोष्टी पदरात घेतल्या होत्या. एका काकांना 'पोटात दुखतंय' सांगायला गेले आणि अख्खा उन्हाळा पोहण्याच्या क्लासला जाऊन आले.

मोठेपणी त्यांनी न बोलण्याचं काम शोधलं. एका स्टुडिओत ते लग्नाचे आणि वाढदिवसाचे व्हिडिओ कापून-जोडून देत. मामांची जांभई, मावशीचं चुकलेलं भाषण, शुभेच्छा देताना लागलेली उचकी, सगळं कापायचं. दुसऱ्यांचं अडखळणं कापून टाकण्याचा त्यांना पगार मिळत होता आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

शिकवण्याचा नाद लागला तो भाचीमुळे. ताईची मुलगी गणितात सपशेल आडवी झाली, तेव्हा मामाने तिला संध्याकाळी घेऊन बसायला सुरुवात केली. मामा अडकला की ती वाक्य पुरं करायची नाही. पेन्सिल चघळत खुशाल बसून राहायची. आणि काय नवल, महिन्याभरात मामा तिच्यासमोर अडकेनासाच झाला. भाची पास झाली आणि मामाने नोकरी बदलायचं मनावर घेतलं. शिक्षकाची परीक्षा लेखी होती, ती ते सहज पास झाले. पुढे शाळेने नमुन्याचा एक धडा व्हिडिओवर पाठवायला सांगितला. आंधळा मागतो एक डोळा, तशी गत झाली! सरांनी स्वयंपाकघरात उभं राहून धडा रेकॉर्ड केला, सगळं अडखळणं वेचून कापलं आणि पाठवून दिला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना ठेवून घेतलं. मात्र एका सत्रापुरतं. सत्र संपताना आपण स्वतः वर्गात येऊन बसू आणि मग पुढचं ठरवू, असं त्या म्हणाल्या.

वर्गात तो भलाथोरला डिजिटल पडदा होता. बाकीचे शिक्षक त्याच्यावर तारीख आणि सुविचार यापलीकडे काही उमटवत नसत. सरांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला. रोज संध्याकाळी घरी धडा रेकॉर्ड व्हायचा. डब्यांच्या फळीवर फोन टेकवलेला, समोर सर, आणि बाजूला भाजी निवडत बसलेली आई. सर अडकले की म्हणत, "कट! परत पहिल्यापासून." हे तीन शब्द तेवढे त्यांच्या तोंडून कधी अडले नाहीत. आई लगेच दोन झाकणं एकमेकांवर आपटी. आवाजाच्या खुणेने कापायचं कुठे ते सापडायला सोपं जाई, असं सर सांगत. आईला नुसतीच मजा वाटे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत सत्र सरत आलं. आणि एका दुपारी मोठ्या बाई जिन्यात भेटल्या.

"परवा येते तुमच्या वर्गावर," त्या म्हणाल्या. "तेवढा पडदा बंद ठेवा हं. व्हिडिओतले सर मी पाहिलेत. मला तुम्हाला बघायचंय."

सरांचं धाबंच दणाणलं. त्यांनी मान डोलावली, दुसरं काय करणार!

त्या संध्याकाळी रेकॉर्डिंगची नुसती दैना झाली. धडा होता अपूर्णांकाने भागण्याचा आणि 'भागाकार' या शब्दापाशीच घोडं पेंड खायला लागलं. झाकणं आपटून आपटून आईचे हात भरून आले. शेवटी कसंबसं जमलं. सरांनी कापाकापी केली, पण मन होतं परवाच्या दिवशी. परवा आपली मूठ उघडणार. मोठ्या बाई हसून, समजुतीने नाही म्हणतील, आणि पुन्हा स्टुडिओ, पुन्हा मामांची जांभई. नोकरी जाण्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. त्यांना ती पोरं मनापासून आवडायला लागली होती आणि त्या पोरांशी ते अजून धड एक वाक्यही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हिडिओ लावला तोच शिपाई दारात आला. ऑफिसात सही हवी होती. सरांनी रिमोट टेबलावर ठेवला, भुवया एकदा सगळ्या वर्गावरून फिरवल्या आणि ते गेले. सही करून परत येताना त्यांना व्हरांड्यातच हसण्याचा गलका ऐकू आला. आणि त्या गलक्यात त्यांच्या ओळखीचा एक आवाज होता. झाकणांचा.

त्यांनी कापलेला व्हिडिओ लावलाच नव्हता. लावला होता तो कच्चा, न कापलेला.

ते धावतच आत शिरले. पडद्यावर ते स्वतःच होते, भल्यामोठ्या आकारात, डोळे मिटून 'भ' पाशी अडकलेले. "गाढवा!" पडद्यातले सर स्वतःलाच म्हणाले. "कट! परत पहिल्यापासून." झाकणं वाजली. वर्ग खो खो हसला. खऱ्या सरांच्या कानशिलातून वाफा निघाल्या. त्यांनी टेबलावर हात मारला, तर रिमोट जागेवर नाही. तो वकीलबाईच्या हातात होता.

"सर, थांबा ना!" ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "आई काहीतरी विचारतायत."

पडद्यावर आईचा आवाज आला. "का रे, चार भागिले अर्धा म्हणजे दोनच ना?"

वर्गातला हशा एकदम थांबला. कारण धड्याच्या सुरुवातीला दिलेलं हेच गणित पोरांनीही सोडवलं होतं आणि अर्ध्याहून अधिक वह्यांमध्ये उत्तर दोन होतं.

पडद्यातले सर कॅमेरा विसरले. ओट्याकडे वळले आणि साबणाच्या चार वड्या घेऊन आईसमोर बसले. चित्रात आता त्यांची नुसती पाठ आणि आईचा अर्धा चेहरा दिसत होता.

"दोन कसे होतील, आई? तू चाराचे अर्धे करतेयस. मी ते विचारतच नाहीये. मी विचारतोय, या चार वड्यांमधून अर्ध्या अर्ध्या वड्या किती निघतील? काप बघू."

आईने सुरी घेतली. "एकीतून दोन... म्हणजे आठ? अरे, भागलं आणि वाढलं?"

"तुकडे वाढले. साबण तेवढाच राहिला."

"मग हे आधीच नाही का सांगायचं! मघापासून नुसतं भ भ भ चाललंय. आणि सगळा साबण कापायला लावलास ते वेगळंच."

एवढं सगळं बोलताना पडद्यातले सर एकदाही अडखळले नव्हते. हे सरांच्या स्वतःच्याही कधी लक्षात आलं नव्हतं. आईशी झालेलं बोलणं ते रोज न बघताच कापून टाकत.

मागच्या बाकावर कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "हां हां हां!" आणि खोडरबरांचा आवाज सुरू झाला. दोनाचे आठ होत होते.

वकीलबाईने व्हिडिओ थांबवला आणि उलटतपासणी सुरू केली. "सर, तुम्हाला जुळा भाऊ नाहीये?"

सरांनी मान हलवली.

"आणि हे सगळं तुम्ही रोज कापून टाकता?"

मान डोलली.

"का?"

आता मान हलवून भागणार नव्हतं. सर म्हणाले, "मी अ... अ... अडखळतो म्हणून."

"दुखतं का?"

"न... नाही. वेळ लागतो फक्त."

"मग घ्या की वेळ," वकीलबाई म्हणाली. "तास अख्खा पडलाय. आणि आईंना नका कापत जाऊ. त्यांचं उत्तर आमच्यासारखंच येतं."

सरांनी तिच्याकडून रिमोट घेतला आणि उरलेला व्हिडिओ न कापता तसाच चालू केला. त्यांना फार बरं वाटत होतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा धीर पुन्हा सुटला. पोरांचं वेगळं, मोठ्या बाईंचं वेगळं. त्या वेळेवर आल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. पडदा बंद होता, काळा ठिक्कर. सर पुढे आले.

"आज आपण," सर म्हणाले, "काल शिकलेला भ... भ... भ..."

घोडं तिथेच! सरांनी डोळे मिटले. मोठ्या बाईंकडे बघायची त्यांची छाती होईना. खिशात एखादा बटाटा असता तर बरं झालं असतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात खणकन आवाज झाला. वकीलबाईने कंपासपेटीचं झाकण शेजारणीच्या झाकणावर आपटलं होतं.

"कट!" ती ओरडली. आणि मागून सगळा वर्ग एका सुरात, "परत पहिल्यापासून!"

सरांना हसू फुटलं. भर वर्गात, शाळेच्या मुख्याध्यापिका बघत असताना, ते पोट धरून हसले. मग त्यांनी डोळे पुसले आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. दोनदा अडकले, दोनदा झाकणं वाजली. तिसऱ्यांदा अडकले तेव्हा झाकणं वाजवायची कुणाला आठवणच राहिली नाही, कारण फळ्यावर एक दोरी सात तुकड्यांत कापायची होती आणि वकीलबाईचं आणि सरांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. तिच्या मते सात तुकड्यांसाठी दोरी सात ठिकाणी कापावी लागते. सर म्हणत होते, सहा. भांडता भांडता सर किती बोलून गेले हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

तास अर्धा झाला असेल, मोठ्या बाई उठल्या. बाकांमधून चालत दाराशी आल्या.

"मला बघायचं होतं ते बघून झालं," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगायला तुम्ही किती वेळ घेतला होता, ते माझ्या लक्षात आहे. अडखळता हे ठाऊक होतं हो मला. मी वाट बघत होते ती तुम्ही बोलायला लागण्याची. संध्याकाळी पुढच्या सत्राचं वेळापत्रक घेऊन जा."

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी तोंड उघडलं. "ध... ध..."

वकीलबाईला राहवलं नाही. 'धन्यवाद' तिच्या ओठांवर आलाच होता, पण मोठ्या बाईंनी तिच्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. सगळा वर्ग थांबला. मोठ्या बाईही दाराच्या कडीवर हात ठेवून थांबल्या. कुणीही सरांचं वाक्य पुरं केलं नाही.

"ध... धडा अजून संपला नाही, बाई," सर म्हणाले. "बसा."

मोठ्या बाई मुकाट्याने शेवटच्या बाकावर परत जाऊन बसल्या.