पगार जप्तीचा कागद

"म्याडम, माजं नाव काडून टाका. उद्यापास्नं मी येत न्हाई."

पगाराला चार दिवस होते. मी पगारपत्रक करत बसले होते आणि महादेवी टेबलासमोर उभी होती. सांगलीजवळच्या आमच्या बेदाण्याच्या फॅक्टरीत ती पॅकिंगला होती. मूळची जतची. नऊ वर्षांत उगीच रजा घेतल्याचं मला आठवत नाही.

कारण विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला. एका फायनान्स कंपनीच्या वसुली एजंटाने कागद पाठवला होता. वर तराजूचं चित्र, खाली लाल शिक्का, मध्ये ठळक अक्षरांत 'पगार जप्ती आदेश'. महादेवीने शिलाई मशिनसाठी कर्ज घेतलं होतं. नवऱ्याच्या ऑपरेशनमुळे तीन हप्ते चुकले.

"ह्या म्हैन्यापास्नं सगळा पगार त्येंच्याकडं जानार म्हनं. फॅक्टरीलाबी नोटीस येनार. माज्यापायी तुमची इज्जत कशाला जायाला पायजे?"

नोटीस आलीच. तोच कागद ईमेलने जीएम साहेबांकडे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"निम्मा पगार होल्ड करा. कायद्याची भानगड नको."

"सर, होल्ड केला तरच भानगड होईल."

पगार जप्तीचा हुकूम फक्त कोर्ट देतं. आधी दावा लागतो, मग डिक्री, म्हणजे कर्ज फेडण्याचा कोर्टाचा निकाल, आणि त्यानंतर हुकूम. तोही सगळ्या पगारावर चालत नाही. अशा कर्जासाठी पहिले हजार रुपये आणि उरलेल्या पगाराचे तीनातले दोन हिस्से कोर्टालाही सोडावे लागतात. मजुराच्या मजुरीला तर जप्तीच लागू होत नाही. हे मी सांगितलं. साहेबांनी आमच्या लेबर कन्सल्टंटला फोन लावला, पाच मिनिटं नुसतं 'हं, हं' केलं आणि फोन ठेवला.

"पूर्ण पगार काढा," ते म्हणाले. "आणि त्या एजंटाला बोलवा. मलाही ऐकायचंय."

मी महादेवीला निरोप दिला. "तू उद्या यायचंस. कामावरही आणि मीटिंगलाही."

एजंट फाइल घेऊन आला. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "ऑर्डरचं कंप्लायन्स करून टाका, मॅडम."

"केस नंबर सांगा."

"केस दिल्लीत आहे."

"दिल्लीतल्या केसलाही नंबर असतो."

त्याने फाइल उघडली, दोन पानं उलटली, मिटली. "ही प्री-ऑर्डर आहे."

साहेबांना हसू आवरेना. ते खिडकीकडे वळले.

तेवढ्यात महादेवी उठली. इतका वेळ पदर मुठीत धरून बसलेली बाई.

"दादा, माजा पगार कापाया तुला कुनी सांगितलं? जज्जाचं नाव सांग."

एजंट फाइल काखेत मारून उठू लागला.

"हप्ता मी बुडवनार न्हाई. पर माज्या सासूला फोन करून शिव्या द्यायच्या न्हाईत. काय?"

"व्हय," तो म्हणाला. आल्यापासूनचं अस्सल मराठी तेवढंच.

मी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवली. खोटा कागद जोडला, नातेवाइकांना आलेल्या फोनच्या वेळाही लिहिल्या. दोन आठवड्यांत उत्तर आलं: दिलगिरी, एजंट बदलला, आणि चुकलेले हप्ते लहान भागांत फेडायची सवलत. महादेवीने ते पत्र पॅकिंग हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. 'दिलगिरी' हा शब्द बायकांनी तिच्याकडून तीनदा वाचून घेतला आणि तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी सहा जणी उभ्या. प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये असाच कागद. शेवटी जीएम साहेबही आले. त्यांच्या मेहुण्यालाही एक आला होता.

सातही कागद मी वाचले. एकावरही कोर्टाचं नाव नव्हतं. आलेला कागद कुणी पाठवलाय ते आधी बघावं. आपण सगळे आधी रक्कम बघतो.