नापसंत केलेलं जहाज

मुंबईच्या एका जहाज-दलालानं मला फसवलं. मी नापसंत केलेल्या जहाजात त्यानं माझी हळद भरली. याला पुष्कळ वर्षं झाली, तरी आठवलं की डोकं तापतं.

सत्तरच्या दशकात हिंगोलीत माझी हळदीची अडत होती. पाठीवर पोती वाहून उभी केलेली. आमची हळद तेव्हा सांगलीला जायची आणि तिथल्या व्यापाऱ्यांच्या मार्क्यानं पुढे परदेशी. पीक आमच्या सेनगाव-गोरेगावच्या रानातलं, नाव दुसऱ्याचं. मला ते सलायचं. फार खटपटीनं मी आखातातलं एक गिऱ्हाईक गाठलं आणि पहिल्यांदा पोत्यांवर स्वतःचा मार्का उमटवला. हा माल पसंत पडला तर ते गिऱ्हाईक दरसाल माझ्याकडूनच घेणार होतं.

हळद शेजारचा वास ओढून घेते. म्हणून ट्रक ठरवण्याआधी मी हौद्यात चढून फळ्यांना नाक लावायचो. खताचा नाहीतर रॉकेलचा वास आला की ट्रक परत. ड्रायव्हर शिव्या द्यायचे, मीही द्यायचो.

दलालानं दोन जहाजं सुचवली. एकाचं भाडं कमी आणि ते लवकर सुटणारं, दुसरं महाग आणि उशिराचं.

"शेठ, भाडं बघा, तारीख बघा, एकावर बोट ठेवा," तो म्हणाला.

"अन् जहाज?"

"जहाज कोण बघतं? मोठमोठे निर्यातदार खुर्चीतून ठरवतात. तुम्ही काय बैलाचे दात बघायला आलात?"

"व्हय. बैलाचे दात बघतो, मंग जहाजाचं पोट काहून बघू नये? गोदीचा पास काढा."

त्यानं पास काढला, पण ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकवून हसला.

स्वस्त जहाजाच्या शिडीवरूनच मी माघारी फिरलो. आमच्या स्टेशनच्या मालधक्क्यावर जनावरांच्या हाडांनी मालगाडीच्या वाघिणी भरायच्या, तेव्हा यायचा तोच वास. दुसऱ्याचं पोट कोरडं होतं, नुसता लाकडाचा वास. तेच ठरवलं. जन्मभर चार आण्यांसाठी तोंड वाजवणारा मी, त्या दिवशी भाड्यावर एक शब्द बोललो नाही. दलालाला तेवढं बजावलं, "ह्याच्यातच भरा. दुसरं न्हाई." त्यानं मान डोलावली आणि मी गावी आलो.

पुढे आखातातून हळदीची एक पुडी परत आली. सोबत निरोप: यापुढे माल पाठवू नये. पुडी उघडली आणि हाडांचा वास नाकात शिरला.

तसाच मुंबईला गेलो. दलाल शांत होता.

"तुमच्या जहाजाची तारीख आणखी पुढे गेली, शेठ. माल गोदीत पडून राहिला असता. तुमच्याच भल्यासाठी त्या पहिल्या जहाजात टाकला."

"मला तार काहून केली न्हाई?"

"त्यात काय विचारायचं? माल पोचला ना?"

"पोचला. हाडं होऊन पोचला. अन् भाडं महागाचं घेतलं ते कोणाच्या भल्यासाठी रे?"

तो वर पंख्याकडे बघू लागला. मी टेबलावर मूठ आपटली, चहाचा कप लवंडला. शिपायानं मला दंडाला धरून जिन्यापर्यंत आणलं.

पुढच्या हंगामात आमची हळद पुन्हा सांगलीच्या मार्क्यानं गेली. बाजारात लोक म्हणाले, "याला जहाज पारखता आलं न्हाई." हे मी आजही ऐकून घेणार नाही. जहाज मी बराबर पारखलं होतं.

तो दलाल असेल तर त्यानं, नसेल तर त्याची गादी चालवणाऱ्यानं हिंगोलीला यावं. ज्या बाजारात माझं हसं झालं तिथं उभं राहावं आणि चारचौघांत सांगावं: ज्या जहाजाला मी नाही म्हटलं होतं, त्यातच माझी हळद कोणाला विचारून भरली?