पट्टेरी जिताडा आणि माझी बायको

माझी बायको अलिबागजवळची. तिच्याकडे जिताडा म्हणजे माशांतला मानाचा. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर कोणीतरी पकडलेला स्ट्राइप्ड बास तिनं पहिल्यांदा पाहिला आणि ती वाळूतच थांबली. "अरे, हा तर जिताड्याचा भाऊ! फक्त अंगावर पट्टे आहेत."

तेव्हापासून तिनं रॉड हातात घेतला. आम्ही वेस्ट विंडसरला राहतो, समुद्र तासाभराच्या ड्राइव्हवर. गळ टाकायच्या आधी तिनं नियम शिकून घेतले. एका माणसाला दिवसाला एकच बास ठेवता येतो, तोही ठरलेल्या मापातला. मापाहून लहान असला तर सोडायचा, मोठा असला तरी सोडायचा. लहान का सोडायचा ते मला कळत होतं. मोठा का, ते तिनं मला सांगितलं. मोठ्या बहुतेक माद्या असतात आणि सगळ्यात जास्त अंडी त्याच घालतात.

गेल्या मे महिन्यात आमचा एक नागपूरकर मित्र सोबत आला होता. सकाळभर कुणालाच काही लागलं नव्हतं. तो कॉफी ओतत असताना बायकोचा रॉड एकदम वाकला. रीलमधून दोर सरसर सुटायला लागला. ती कधी पुढे जात, कधी मागे येत, दात आवळून झुंजत राहिली. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "नको. माझा आहे."

लाटेत माशाची पाठ दिसली तेव्हा मित्र ओरडलाच, "बापरे, वहिनी! आज रस्सा पक्का!"

तिनं उथळ पाण्यातच माशाला टेप लावला. "मोठी आहे. सोडायची."

"अहो, इथे कोण बघायला येतंय? ठेवा ना यार!"

मित्राकडे न बघता, फोटोसाठी फोन काढलेल्या मला ती म्हणाली, "फोन खिशात टाक आणि रॉड धर."

गोल वळणाचा असल्यानं गळ जबड्याच्या कोपऱ्यात अडकला होता, पोटात गेला नव्हता. तो तिनं हलकेच काढला. पण मासळी पोहेना. थकून एका कुशीवर कलंडली. बायकोनं तिचा खालचा ओठ अंगठ्यानं धरला, दुसरा हात पोटाखाली घातला आणि मासळीचं तोंड लाटांकडे करून उभी राहिली. पाणी बर्फासारखं गार. एकेक लाट बायकोच्या छातीपर्यंत येत होती, तिचे ओठ निळे पडत चालले होते.

न राहवून मी म्हटलं, "अगं, नाही वाचायची ही. घेऊन जाऊ."

"मेली तरी घरी न्यायची नाही, मोठी आहे ती. आणि मरत नाहीये. कल्ले बघ, हलतायत."

मित्रही बूट काढून गुडघाभर पाण्यात येऊन उभा राहिला, काही न करता.

मग मासळीनं बायकोचा अंगठा करकचून दाबला. ती "आई गं!" म्हणाली आणि हसली. शेपटीचा एक फटका बसला, आम्ही तिघंही नखशिखान्त भिजलो, आणि पाण्यात नुसता गढूळ भोवरा उरला.

मित्रानं स्वतःचं जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं. "वहिनी," तो जरा ओशाळून म्हणाला, "तो गोल गळ कसा बांधायचा, दाखवता?" गारठ्यानं तिची बोटं वळत नव्हती, तरी तिनं तिथेच बसून दाखवलं.

मी बाजूला उभा राहून बघत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या सकाळी मला किनाऱ्यावरच्या प्रत्येक अनोळखी माणसाला जाऊन सांगावंसं वाटत होतं, की ही माझी बायको आहे.

दुपारी मित्राकडे अंडाकरी जेवलो. त्यानं आपल्या बायकोला सगळी गोष्ट रंगवून सांगितली. रात्री आमच्यासमोरच फोनवर आणखी कुणाला तरी सांगितली, तेव्हा मासळी हातभर वाढली होती. मी त्याला दुरुस्त केलं नाही.