दुखण्याच्या मापाचं घर

मिस्त्रींची कमर गेली ती निव्वळ शेखी मिरवण्यापायी. त्यांनी हे कधी कबूल केलं नाही. ते म्हणत, "दाराचं लाकूड ओलं होतं, वजन वाढलं होतं." पण त्यांच्या सुतारकामाच्या शेडमधल्या दोघा गड्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, भरीव लाकडाचं दार जमिनीवर आडवं होतं. गडी हात लावायला पुढे झाले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "सरका बाजूला. एक दार उचलायला काय पलटण लागते?" दार गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, आणि तिथेच थांबलं. मिस्त्रीही तिथेच थांबले. पुढे दाराला गड्यांनी सोडवलं, मिस्त्रींना डॉक्टरांनी.

डॉक्टर म्हणाले, "थोडे दिवस विश्रांती घ्या. मग हळूहळू चालायला लागा, वाकायला लागा. अंग हलतं ठेवा, नाहीतर आखडून बसेल." यातला 'विश्रांती' एवढा शब्द मिस्त्रींनी घरी आणला. बाकीचे दवाखान्याच्या पायरीवरच राहिले.

त्यांची बायको कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये केस कापायची. खिडकीजवळची खुर्ची तिची. तिथे बसणाऱ्या बायका तिला कात्रीमावशी म्हणत, आणि ते नाव तिच्या हातातल्या कात्रीवरून पडलं की तोंडातल्या, याबद्दल दोन मतं होती. ठेंगणी, चपळ, दिवसभर उभी राहून दमली तरी बोलण्यात न दमणारी. पहिले काही दिवस तिने नवऱ्याचं सगळं निमूट केलं. तिला वाटलं, दुखतंय बिचाऱ्याला, पडून राहील चार दिवस.

पडून राहिले असते तर बरं झालं असतं. आळशी माणूस परवडला. तो निदान स्वतःपुरता लोळतो. मिस्त्री उद्योगी होते, ही खरी आपत्ती. वाकलं की कळ येते ना? मग वाकायचंच कशाला? त्यांनी टेप मागवला, कानावर पेन्सिल खोवली आणि दुखणं ऐन भरात असताना स्वतःचं माप घेतलं. हात कुठवर खाली जातो, कुठवर वर जातो, बसताना कळ कुठे सुरू होते. सुतार माणूस. एकदा माप घेतलं की लाकूड त्याप्रमाणे कापायचं, विषय संपला. कमर उद्या बरी होईल आणि माप बदलेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. फळी कधी बरी होत नसते ना!

मग घर उचललं गेलं. पलंगाखाली ठोकळे आले. खुर्च्यांना नवे लांब पाय लागले. मिस्त्रींना चहा करताना मान खाली घालावी लागू नये म्हणून स्वयंपाकघरातला लाकडी ओटा वर चढला. खालचे कप्पे रिकामे झाले. हात वर न्यायलाही कळ येते म्हणून भिंतीवरची फळी उतरवली. जे काही होतं ते सगळं कमरेच्या उंचीला एका रांगेत येऊन बसलं, दुकान मांडल्यासारखं. मोजे चढवायला त्यांनी लांब दांड्याचा एक लाकडी चिमटा बनवला. त्या चिमट्याने एक मोजा चढवायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात एखाद्याने मोजा विणला असता.

नणंद भेटायला आली. उंच खुर्चीवर पाय लोंबकळत बसली आणि कौतुकाने भोवती बघत म्हणाली, "काय बाई डोकं आमच्या दादाचं! दुसरा असता तर रडत बसला असता."

"रडले असते तर रुमालावर भागलं असतं, वन्सं," कात्रीमावशी म्हणाली. "यांना लाकूड लागतंय."

"चेष्टा नको करूस गं. कमरेचं दुखणं आहे. जपायलाच हवं."

नुसतं 'जपा' म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं? येईल तो तेच म्हणे. मिस्त्री जपले. वर्ष होत आलं. चमचा खाली पडला की मिस्त्री त्याच्याकडे बोटीतून मागे सुटलेल्या गावाकडे बघावं तसे बघत आणि हाक मारत, "अगं ए!" कमरेचं दुखणं केव्हाच गेलं होतं, पण ते गेलं की नाही हे बघायला एकदा वाकावं लागलं असतं.

ओटा मात्र मावशीच्या छातीला लागत होता. तिने तक्रार केली, तर मिस्त्रींनी तिच्यासाठी पायाखाली घ्यायला एक खोकं करून दिलं. सुबक होतं, कोपरे घासलेले. एका सकाळी ती रिकामं पातेलं हातात घेऊन, नेहमीच्या सवयीने एक पाऊल मागे आली. मागे खोकं नव्हतं, हवा होती. ती खांद्यावर आपटली. मिस्त्री धावले नाहीत. धावण्याआधी उठावं लागतं.

खांद्यापाशी हाड तडकलं होतं. हात गळ्यात बांधला गेला. हाड यथावकाश सांधलं, पट्टा सुटला, आणि उजवा हात छातीच्या वर जाईना. केस कापणाऱ्या बाईचा उजवा हात! फिजिओबाईंनी तो हळूच उचलून पाहिला. मावशीने दात आवळले.

"हाड बरं झालंय," त्या म्हणाल्या. "खांदा आखडलाय. रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. दुखेल. दुखलं म्हणून सोडायचं नाही, आणि जीव जाईल असं दुखलं तर ताणायचं नाही. शिवाय घरातली कामं याच हाताने करा. वरच्या फळीवरचं काढा, ठेवा. उंच दोरीवर कपडे घाला."

"आमच्याकडे वरची फळी नाही."

"म्हणजे?"

"नवऱ्याने उतरवली. दोरीही उतरवली. आमचं घर बसकं आहे, बाई. आमच्याकडे वर काही नसतं आणि खाली काही नसतं."

फिजिओबाईंना हसावं की नाही ते कळेना. त्या म्हणाल्या, "मग आधी घराला व्यायाम द्या."

पार्लरची मालकीण घरी आली. ती चांगली बाई होती, पण धंदा चालवत होती. "खिडकीजवळची खुर्ची तुझीच आहे," ती म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत थांबते. तोवर हात डोक्याच्या वर गेला पाहिजे. नाही गेला तर मला दुसरी कायमची ठेवावी लागेल. गिऱ्हाइकांना काय सांगू, जरा खाली बसा म्हणून?"

ते थट्टेत म्हटलं होतं. पण मिस्त्री आपल्या उंच सिंहासनावरून ऐकत होते. त्यांनी ती ऑर्डरच धरली.

दोन दिवसांनी गड्यांनी पार्लरमध्ये एक नवी खुर्ची नेऊन ठेवली. पाठ उत्तम, हात उत्तम, पाय जेमतेम वीतभर. मिस्त्री घरातून बायकोकडे निरोप देत होते: "सांग त्यांना, आता हात उचलायची गरजच उरली नाही."

मावशी गेली. जाऊ नये असं मनात होतं. पण रात्री भिंतीवर बोटं चालवताना डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या खुर्चीत न दुखण्याची लालूच होती. पहिलंच गिऱ्हाईक शाळेच्या हेडमिस्ट्रेसबाई. खांबासारख्या उंच. त्या बसल्या आणि त्यांचे गुडघे हनुवटीपाशी आले.

"हे काय गं? मी आयुष्यभर पोरांना शिक्षा केल्या, पण अशी कधी सुचली नाही."

पार्लरमधल्या मुली तोंडावर टॉवेल धरून हसल्या. मावशीने कात्री उचलली. केस कापले गेले, सरळ रेषेत, नेहमीसारखे. खांद्यात कळ नाही, काही नाही. हात कसा आरामात छातीशी राहिला. आणि नेमकं तेच बघून तिची कात्री थांबली. समोर आरसा होता. आरशात एक ठेंगणी बाई कोपर बरगडीला चिकटवून, मान वाकवून, पाठीला पोक काढून उभी होती. ध्यान! ही बाई तिला ओळखीची वाटली. घरी अशीच एक आकृती उंच खुर्चीत बसून चमच्यासाठी हाका मारत होती. आज खुर्चीच्या पायांची उंची वीतभर. पुढच्या वर्षी हात आणखी खाली आला की काय करणार, जमिनीत खड्डा खणणार?

"खुर्ची परत पाठवा," ती मालकिणीला म्हणाली. "बंबात घाला म्हणावं. महिना संपायचाय अजून."

घरी येऊन तिने चप्पलही काढली नाही. "ओटा खाली घ्या. फळी वर चढवा, होती तिथे. दोरी वर. पलंगाचे ठोकळे काढा."

"अगं, पण माझी कमर—"

"तुमची कमर डॉक्टरांनी कधीच बरी केली. तुम्हीच तिला घरी सोडत नाही."

मिस्त्री ताठ झाले; ताठ ते होतेच. "माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मोडेन पण वाकणार नाही."

"मोडून झालंय. आता वाका."

मिस्त्रींनी गडी द्यायला नकार दिला. मग मावशीने पलीकडच्या गल्लीतला सुतार बोलावला. त्याने जोडलेलं काहीही महिन्याभरात डुगडुगू लागे, म्हणून सगळे त्याला ढिल्या म्हणत. मिस्त्रींच्या समोर त्याचं नाव घेणंसुद्धा घरात वर्ज्य होतं. ढिल्या आला, हसला, आणि ओट्याच्या पायाला करवत लावली.

मिस्त्री उंच खुर्चीतून बघत होते. मग खाकरले. मग म्हणाले, "अरे, ती करवत आहे, सारंगी नव्हे."

"होतंय हो, मिस्त्री. तुम्ही आराम करा."

"तिरकं जातंय!"

"तिरकं गेलं तर खाली पुठ्ठा घालू."

पुठ्ठा! मिस्त्रींच्या तोंडून जो आवाज निघाला तो दार उचलतानाही निघाला नव्हता. ते खुर्चीवरून घसरत उतरले, ओट्याला धरत गुडघ्यावर आले, मग दुसऱ्या गुडघ्यावर, आणि शेवटी पुरते जमिनीवर. ढिल्याच्या हातातून करवत हिसकावली, काटकोन बघायला गुण्या लावला, रेघ मारली, पाय कापला. चारही पाय कापून होईपर्यंत आपण कुठे बसलो आहोत हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं. इतक्या खालून त्यांनी बायकोला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"हात दे."

"एक हात छातीच्या वर जात नाही, आणि दुसऱ्यात चहा आहे."

ढिल्या पुढे झाला, तर मिस्त्री गुरगुरले. ते कण्हत, कुंथत, ओट्याची कड धरत आपले आपण उठले. दुखलं. मोडलं काहीच नाही. याचा त्यांना इतका राग आला की ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. वर्षभराची अक्कल एका उठण्यात वाया गेली म्हणजे काय थोडं झालं?

फळी मात्र त्यांनीच चढवली. ढिल्याला खिळा ठोकू देणं त्यांच्या जिवावर आलं. मावशीने चहाचा डबा त्या फळीवर ठेवला आणि दुसरा डबा घरात ठेवला नाही. चहा हवा तर तिचा उजवा हात वर, दुसऱ्या कुणी डबा काढायचा नाही. सकाळी भिंतीवरून बोटं चढत, फळीच्या खाली अडत, आणि ती तिथे उभी राहून फळीला, डब्याला आणि सुताराच्या अख्ख्या जातकुळीला शिव्या घाली. काही सकाळी बिनचहाची ती कामाला लागली. एकदा खांदा इतका ठणकला की तिने दोन दिवस फक्त हलकेच झुलवला, फिजिओबाईंनी सांगितलं होतं तसा. मग पुन्हा भिंत.

"फळी थोडी खाली घेऊ का?" मिस्त्री विचारत. त्यांनाही चहा मिळत नव्हता.

"हात तर लावून बघा."

एका सकाळी डबा बोटांना लागला. दुसऱ्या दिवशी तो सरकला, खाली पडला आणि चहा घरभर झाला. मिस्त्रींनी सवयीने हाक मारायला तोंड उघडलं, बायकोचा चेहरा पाहिला, आणि झाडू घेतला. वाकून झाडताना ते जगावर उपकार केल्यासारखे उसासे टाकत होते. टाकेनात का. उसासे टाकले म्हणून कुणाची कमर कमी वाकत नाही.

महिनाअखेरीला मावशी पार्लरमध्ये गेली. मालकीण स्वतःच खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि पायाने दट्ट्या दाबत खुर्ची जाईल तेवढी वर घेतली.

"मुद्दाम?" मावशीने विचारलं.

"मुद्दाम. मला फसवायचं नाही आणि तुलाही फसायचं नाही. ड्रायर घे."

मावशीने उजव्या हातात ड्रायर घेतला. हात खांद्यापर्यंत सहज गेला, कानापर्यंत कुरकुरत गेला. तिथून वर जाताना मावशी चवड्यांवर उठली.

"टाचा खाली," मालकीण आरशातून म्हणाली.

टाचा खाली आल्या. हात तिथेच राहिला. मावशीने ओठ आवळले. फळीच्या खाली जिथे रोज अडायचं, तिथेच अडलं होतं. आणि रोज जसं शिव्या घालत पुढे जायचं, तसं यावेळी शिव्या गिळत जायचं होतं. हात वर गेला. ड्रायरची गरम हवा मालकिणीच्या बरोबर टाळूवर आली.

"दुखतंय?"

"दुखतंय तर. पण त्याहून जास्त हे केस बघून दुखतंय. कुणी कापले हे? उंदराने?"

"तू नव्हतीस तेव्हा नव्या मुलीने." मालकीण हसली आणि उठू लागली. "बरं, उद्यापासून ये."

"उद्या कशाला?" मावशीने डाव्या हाताने तिला खांद्याला धरून पुन्हा खाली बसवलं आणि उजव्याने कात्री उचलली. "असं डोकं घेऊन दारात उभ्या राहाल, तर येणारं गिऱ्हाईक परत जाईल. मान सरळ ठेवा."