मुक्ताबाईंची शांत पाच मिनिटं

मुक्ताबाईंना मी मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारी साडेतीन वाजता, स्वारगेटच्या आमच्या ऑफिसच्या जिन्यात बसून जन्माला घातलं. जन्मतःच त्यांचं वय सत्तर होतं.

झालं असं, की मी ज्या कंपनीत काम करतो ती लोकांची मतं गोळा करते. साबणाबद्दल, बिस्किटाबद्दल, बँकेबद्दल. मतं लोकांकडे भरपूर असतात, आपण फक्त ती फॉर्मात बसवायची. यंदा एका स्पोर्ट्स चॅनेलनं फुटबॉलला मराठी कॉमेंट्री सुरू केली. कॉमेंटेटर, आणि मॅचच्या आधी-नंतर कोट घालून बसणारे तज्ज्ञ, हे लोकांना कसे वाटतात ते त्यांना हवं होतं. माझ्या वाट्याला चाळीस घरं आली. एकोणचाळीस झाली. पुण्यात मत द्यायला कोणी कंजुषी करत नाही. सहकारनगरातल्या एका काकांनी तर "त्या तज्ज्ञांना चहा पाजा आणि घरी सोडा," एवढं सांगून दार लावलं. मी तेही इमानदारीनं लिहून घेतलं.

चाळिसावा फॉर्म मात्र अडला. हवी होती बाई, साठीच्या पुढची, आठवड्याला किमान दोन फुटबॉल मॅच बघणारी. चार दिवस फिरलो. बायका हसायच्या, एकीनं पोलिसांना बोलवायची भाषा केली. मग मी ती बाई बनवली.

आमच्या धंद्यात हे पाप बरेच जण करतात, पण त्याची एक पद्धत आहे. फोन नंबर मित्राचा द्यायचा, म्हणजे तपासणीचा फोन आला की तो "हो हो, आले होते" म्हणतो. सत्तर वर्षांच्या बाईचा आवाज काढणारा मित्र माझ्याकडे नव्हता. मी मनानं दहा आकडे लिहिले. पत्ता दिला बिबवेवाडीतल्या एका इमारतीचा, जी रोज बसमधून दिसते: तिसरा मजला, खोली नऊ. नाव मुक्ताबाई. रिसोडच्या शाळेत निबंधात माझा हात धरणारा कोणी नव्हता, तेव्हा उत्तरंही झकास लिहिली. मराठी कॉमेंटेटर दिग्विजय: 'पोरगा घरचा वाटतो. बोलतो तोवर बरं वाटतं.' स्टुडिओतले तज्ज्ञ: 'तिघं एकदम भांडतात ते आवडतं.' इंग्रजी कॉमेंट्री: 'कळत नाही, तरी लावून ठेवते.' शेवटी 'सुधारणा' असा रकाना होता. तिथे मी थकलो आणि माझंच मत ठोकून दिलं. आमच्या खोलीवर चौघांचं यावर एकमत आहे, की थोर कॉमेंटेटर तो, ज्याला गप्प बसता येतं. म्हणून लिहिलं: 'समालोचकानं अधूनमधून पाच मिनिटं गप्प बसावं. मैदानाचा आवाज ऐकू द्यावा.'

आणि चहा प्यायला गेलो.

तीन दिवसांनी कादंबरीनं हाक मारली. कादंबरी आमच्याकडे तपासणी बघते. दहातला एक फॉर्म उचलायचा आणि त्या माणसाला फोन लावायचा, हे तिचं काम.

"तुझ्या मुक्ताबाईंशी बोलले," ती म्हणाली.

"कोणाशी?"

"अरे, मुक्ताबाई. बिबवेवाडी. सगळं जुळतंय, शब्दाला शब्द. शेवटचं विचारायच्या आत त्यांना दूध उतू गेल्याची आठवण झाली. पण तुझं कौतुक केलं हं. म्हणाल्या, पोरगा गुणाचा आहे, पण पाणी न पिता गेला."

"नंबर नीट लावला होतास ना?"

"नाही, डोळे मिटून लावला," कादंबरी म्हणाली. "प्रमाणपत्र देऊ का लावल्याचं?"

मी तिच्या स्क्रीनवरचा नंबर पाहिला. माझेच दहा आकडे. बिबवेवाडीत मुक्ताबाई नावाच्या पन्नास बायका असतील, हे मी मनाला समजावलं. त्यांतली एक फुटबॉल बघत असेल, हेही समजावलं. तिच्याकडे नेमका हा नंबर असेल, इथे मन ऐकेना.

दुसऱ्या दिवशी दिगंबर सरांनी बोलावलं. चॅनेलवाल्यांना तो फॉर्म फार आवडला होता. "फुटबॉल बघणारी आजी त्यांना मिरवायचीय," सर म्हणाले. "घरी जाऊन व्हिडिओ आणायचा. तुम्ही काढलेलं रत्न आहे, तुम्हीच जा." सर 'तुम्ही' म्हणतात तेव्हा नाही म्हणायची सोय नसते.

मंगळवारी संध्याकाळी गेलो. इमारत खरंच तीन मजल्यांची होती. नऊ नंबरच्या दारातून टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. बेल वाजवायच्या आत दार उघडलं. ठेंगणी बाई, नऊवारी, कपाळ मोकळं.

"आला? चपला आत काढा दादा, भायेर ऱ्हात न्हाईत."

"आजी, आपण मला ओळखता?"

"आता! मागल्या मंगळवारी हितंच बसला व्हता की तासभर. पानी बी न पिता उठला." कॉटच्या शेजारच्या स्टुलावर स्टीलचा पेला होता, त्यावर बशी झाकलेली. "तुमचंच हाय. ठेवलंय तसंच."

मागच्या मंगळवारी तासभर मी जिन्यात बसलो होतो, हे सांगावंसं वाटलं. सांगणार काय? की आजी, तुम्ही नाही आहात?

टीव्हीवर जुनी मॅच चालू होती. दिग्विजय तावातावानं बोलत होता, आणि मुक्ताबाई त्याच्यावरून आवाज चढवून बोलत होत्या. तासाभरात मला त्यांचं आयुष्य कळलं, जे मी फॉर्मात लिहिलेलं नव्हतं. मूळच्या मांजरीच्या. दोन एकर ऊस. मालक, म्हणजे नवरा भैरू, स्वारगेटला रसवंती चालवायचे. ते चरक फिरवणार आणि गिऱ्हाइकाशी अखंड बोलणार. ह्या पेले विसळणार. "निसतं बोलायचं वो. मानूस रस पिऊन बसमधी बसला तरी खिडकीपाशी जाऊन बोलायचं." मग जमिनीवर इमारती आल्या, वाटणीत ही खोली आली. मुलगा ऋषी चाकणला कंपनीत, पंधरवड्यानं येतो. आणि सहा वर्षांपूर्वी मालकांच्या अंगावरून वारं गेलं. वाचा बंद. आतल्या खोलीत लाकडी खुर्चीत बसून असायचे. काही हवं असलं की खुर्ची फरशीवर सरकवायचे. कर्र. पाणी, कर्र. भूक, कर्र.

"दोन वरीस," मुक्ताबाई म्हणाल्या. "दिसातनं शंभर येळा. म्हून म्या टीव्ही लावाय लागले."

"पण फुटबॉल का, आजी? मालिका असतात की."

"मालिकेत दर धा मिन्टाला साबन येतोय. मधी जरा गप होतंय, की तेवढ्यात ऐकू येतंय. हितं पंचेचाळीस मिनटं कोन थांबत न्हाई." मग त्यांनी एकेकाची झडती घेतली. हिंदीवाला बरा, पण श्वास लांब घेतो. इंग्रजीवाल्यांना लोक मोठे म्हणतात, पण ते मधेच थांबतात, प्रेक्षकांचा आवाज ऐकवतात. "कुनी सांगितलंय त्यास्नी? पैसं बोलायचं घेत्यात न्हवं?" तज्ज्ञांतला तो जाडा चांगला, समोरच्याचं संपू देत नाही. आणि दिग्विजय सगळ्यात गुणी, थुंकी गिळायलासुद्धा थांबत नाही.

मी अकरा जणांच्या ग्रुपवर कॉमेंटेटरांवरून भांडणारा माणूस. कॉमेंट्रीची अशी परीक्षा मी ऐकली नव्हती.

मोबाईल उभा केला, फॉर्म काढला. रेकॉर्डिंगला टीव्हीचा त्रास होत होता, म्हणून मी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

"नका!" मुक्ताबाई म्हणाल्या.

आतल्या खोलीत फरशीवर काहीतरी सरकलं. कर्र. बेतानं, जसं कोणी आधीच बराच वेळ वाट बघत असावं.

"वरच्यांचं असेल," मी म्हणालो.

"वर गच्ची हाय."

त्यांनी माझ्या हातून रिमोट घेऊन आवाज होता त्याहून वाढवला. दार उघडं होतं. आतल्या खोलीत एकच लाकडी खुर्ची होती, दाराकडे तोंड करून. "सकाळी खिडकीकडं व्हतं," त्या म्हणाल्या, इस्त्रीचे कपडे आले हे सांगावं तसं.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी राहिलेलं सांगितलं. मालकांच्या शेवटच्या दिवशी खुर्ची फार वेळ वाजली. मॅच रंगात आली होती. "म्या आवाज वाढीवला, दादा. मॅच सपल्यावर आत गेले."

दिग्विजय बोलत होता.

व्हिडिओसाठी मी एकेक उत्तर वाचलं. त्या मान डोलवत गेल्या. "हे बोलले, हेबी बोलले." शेवटचं वाचलं: 'समालोचकानं अधूनमधून पाच मिनिटं गप्प बसावं.'

मुक्ताबाईंची मान थांबली.

"हे म्या न्हाई बोलले."

"आजी..."

"बाकी समदं बोलले. हे तुमी घातलं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की शाळेतले हेडमास्तर बरे. "आसं कसं लिवलं? त्यो गप बसला तर म्या कुटं जाऊ? खोडा ते."

अख्खा फॉर्म खोटा लिहिणाऱ्या माणसाला त्यातल्या एका ओळीसाठी खोटारडं म्हणावं, आणि ते त्याला लागावं, हे कुणाला सांगून पटायचं नाही. खोडतो, म्हणालो. शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी दिगंबर सरांकडे गेलो. "सर, मुक्ताबाईंचं शेवटचं उत्तर चुकून पडलंय. काढू या का?"

"वा. चॅनेलवाल्यांनी तेच उत्तर मोठ्या अक्षरात भिंतीवर दाखवलंय," सर म्हणाले. "तीसेक जणांनी तसं म्हटलंय, पण आजी म्हणाली की वजन येतं. दुसऱ्या हाफमध्ये पाच मिनिटं कॉमेंट्री बंद ठेवणार आहेत ते. पण आपलं म्हणणं असेल तर काढू. एक उत्तर चुकीचं म्हणजे फॉर्म बाद. फॉर्म बाद म्हणजे आपले चाळीसही पुन्हा तपासायचे. तपासू?"

नोकरीचा सातवा महिना होता. मी मान हलवली. सरांनी ती 'नको' अशी वाचली, आणि बरोबरच वाचली.

रविवारी संध्याकाळच्या मॅचपासून ती शांत पाच मिनिटं सुरू झाली. चौसष्टाव्या मिनिटाला दिग्विजय म्हणाला, "आता जरा मैदान ऐकू या," आणि थांबला. ग्रुपवर लोक खूश झाले. कोणी लिहिलं, अखेर मराठीत दर्जा आला. मी ते दहा आकडे लावले.

फोन उचलला गेला. बोललं कोणी नाही. मागे गर्दीचा आवाज, आणि त्याच्याखाली कर्र, कर्र, कर्र. पूर्वीसारखं बेतानं नाही.

मला दुसरं काही सुचलं नाही. बोलायला लागलो. "बॉल डावीकडे... पिवळा शर्ट धावतोय... अरे पाडला! पाडला त्याला!" माझी कॉमेंट्री म्हणजे निम्मी कबड्डी होती. त्यातून माझ्या मोबाईलवर मॅच त्यांच्या टीव्हीच्या अर्धं मिनिट मागे.

"दादा, त्यो बॉल कवाच भायेर गेला," पलीकडून मुक्ताबाईंचा आवाज आला. कापरा, पण आला. "ऱ्हावू द्या. तुमी बोला."

पाच मिनिटं बोललो. दिग्विजय परतला तेव्हा फोन ठेवला. तेव्हापासून प्रत्येक मॅचला हेच. फॉर्म खोडता येत नव्हता, तेवढं करता येत होतं. मीही सुधारलो, थुंकी न गिळता बोलायला शिकलो. चौथ्या-पाचव्या मॅचपासून फोनमागचा कर्र ऐकू येईनासा झाला. बरं झालं, असं मी म्हणालो.

"व्हय," मुक्ताबाई म्हणाल्या. "ऐकत बसत्यात आता."

हंगामाच्या शेवटच्या मॅचला मी स्वारगेटच्या चौकात बसमध्ये अडकलो. चौसष्टावं मिनिट आलं, फोन लावला, अर्धं मिनिट बोललो असेन, आणि मोबाईलची बॅटरी संपली. खोलीवर पोहोचून चार्जिंगला लावेपर्यंत तास गेला. घाबरतच फोन केला.

"आजी, फार त्रास झाला का?"

"मला कसला? म्या सैपाकघरात जाऊन दार लावून घेतलं." मग म्हणाल्या, "साडेचार मिन्टं ऱ्हायली तुमची."

"पुढच्या मॅचला जास्तीची देतो."

"मला सांगू नका. माझी न्हाई ऱ्हायली, त्यांची ऱ्हायली. तुमी मधीच तोडलं, तर मालक बघाय भायेर आले. खुर्ची हितं टीव्हीपुढं हाय आता. म्या आतल्या खोलीत झोपते."

मॅचेस आता थेट सप्टेंबरात. चॅनेलवर तोवर कुस्त्या चालू आहेत. मी अधूनमधून ठरवतो की मॅच नसली तर नसली, एखादी मनानं रचू. रचणं मला जमतं. फोन लावतो. मुक्ताबाई उचलतात, माझा आवाज ओळखतात, "थांबा, देते," म्हणतात. मग फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज येतो, आणि पलीकडे कोणीतरी नीट ऐकायला लागतं.

अजून एकदाही माझ्या तोंडून शब्द फुटलेला नाही. साडेचार मिनिटं तशीच बाकी आहेत.