डबा ऐसपैस, पण कुठल्या सिनेमातलं?

“ह्ये न्हाय,” नामदेवशेठ म्हणाले. “दुसरं लावा.”

दुसरंही लावून झालं होतं. त्यात एक बाई खिडकीशी उभी राहून रडत होती. उद्या संध्याकाळी अंजूरला शेठच्या मुलीची, दर्शनाची हळद होती आणि तिचा ट्रॅक अजून सापडत नव्हता.

माझा भिवंडीत साउंड एडिटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. नवरी मांडवात येते तेव्हा वाजणारं गाणं आम्ही कापून, जोडून, ठोका वाढवून देतो. त्याला एन्ट्री ट्रॅक म्हणतात.

दर्शनाने फोनवर फक्त नाव सांगितलं होतं. “डबा ऐसपैस. लहानपणी बाबा रोज म्हणायचे. जुन्या सिनेमातलं आहे, अस्माताई. बाबांना विचारा.”

मला वाटलं, चहा होईपर्यंतचं काम. शोधायला बसले तेव्हा कळलं, सिनेमावाल्यांना पोरांच्या खेळांची नावं फार आवडतात. सिनेमात पोरं मात्र ते घेत नाहीत. नावात खेळ असला की सिनेमात हमखास खून असतो. गाणं असेल तर नायक झाडामागे लपतो, आणि झाड त्याच्याहून बारीक असूनही नायिकेला तो सापडत नाही. शेठना मी एकेक दाखवत गेले. एका सिनेमात तर डब्यात बॉम्ब निघाला.

“ह्ये हळदीला कसं चालंल?” शेठ म्हणाले.

“मग सिनेमा सांगा ना. हिरो कोण होता?”

“जुना हाय.”

“कुठे पाहिलात?”

“टीव्हीवर असंल.”

मानकोलीला शेठची गोदामं आहेत. भाडेकरूशी बोलतात तसंच ते माझ्याशी सावध बोलत होते.

“बरं, चाल तरी म्हणून दाखवा. मोबाइल ओळखेल.”

शेठनी दाराकडे पाहिलं. “दार लावा आधी.” मग खाली मान घालून गायले.

“डबा ऐसपैस गं, डबा ऐसपैस, मांजर आली माशापाशी, ये जेवाया बैस.”

मोबाइलने बराच विचार करून एका साबणाची जाहिरात सुचवली.

“शेठ,” मी म्हटलं, “हे तुम्हीच रचलंय ना?”

“व्हय,” ते म्हणाले. “पोरगी अशी लपायची, सापडायचीच न्हाय. गोदामाच्या दारात ट्रक मागंपुढं व्हायचे. हाक मारली की आणखी आत शिरायची. गानं म्हटलं की हसत बाहेर यायची.”

“मग सिनेमा कुठून आला?”

“तिनंच इचारलं, कुनाचं गानं? माझं हाय म्हनायला लाज वाटली. आता तिनं पडघ्याला सासरीपन सांगून ठेवलंय.”

“माइकसमोर बसा,” मी म्हटलं. दुसरा इलाज नव्हता.

शेठ तयार झाले, पण अट घालून: ढोल एवढा वाजवा की आवाज ऐकू येऊ नये. मी हो म्हटलं आणि ढोल गाणं संपल्यावर टाकला. आवाज वरच्या पट्टीत फाटत होता. सुटलेला सूर ओढून जागेवर आणणारं सॉफ्टवेअर असतं. ते मी थोडंच वापरलं. पूर्ण वापरलं असतं तर तो आवाज शेठचा राहिला नसता.

हळदीला ट्रॅक सुरू झाला आणि दर्शना मांडवाच्या तोंडाशीच थांबली. ट्रॅक चालणाऱ्या नवरीच्या मापाचा होता, उभ्या राहिलेल्या नव्हे. तिने गर्दीत बाबांना शोधलं. ते जनरेटरपाशी उभे राहून केबल तपासल्यासारखं करत होते. स्टेजकडे न जाता ती सरळ तिकडे गेली आणि त्यांना हाताला धरून घेऊन आली. शेठ डोळे पुसत होते आणि धुराला दोष देत होते. मी ट्रॅक पुन्हा लावला.

होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, “कुठल्या सिनेमातलं गं हे?”

दर्शनाने बाबांकडे पाहिलं. “सिनेमा अजून यायचाय,” ती म्हणाली.

आता ऑर्डर घेताना मी गाण्याचं नाव विचारत नाही. आधी म्हणून दाखवायला सांगते. लोक लाजतात, पण वेळ वाचतो.